झाडांचं नवं वर्ष वर्गात कसं साजरं करावं: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या सणांवर लेख आला होता. त्यात ‘तू बिश्वात’, म्हणजे झाडांच्या नव्या वर्षाचा उल्लेख होता. त्यानंतर अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या शिक्षकांनी पत्रं पाठवली. बहुतेकांचा रोख एकच: हा सण वर्गात घ्यायचा तर नेमकं काय करायचं? निवडक प्रश्नांची उत्तरं देत आहोत.

आमची शाळा अलिबाग तालुक्यात आहे. पाचवीत ३० मुलं, ज्यू कोणीच नाही. हा सण मुलांना थोडक्यात कसा समजावून सांगावा?
— एक शिक्षिका, रेवदंडा परिसर

हिब्रू पंचांगात शेवात नावाचा महिना आहे, त्याची १५ तारीख म्हणजे तू बिश्वात. सुरुवातीलाच सांगा की हा मुळात हिशेबाचा दिवस होता. फळांचा दहावा हिस्सा काढून द्यायचा, तर कुठलं फळ कुठल्या वर्षाच्या खात्यात धरायचं हे ठरायला हवं. मिश्ना या जुन्या ग्रंथात वर्षाच्या चार वेगवेगळ्या सुरुवाती दिल्या आहेत, त्यातली एक झाडांसाठी. तिथे मतभेदही नोंदवलेला आहे. शम्माईच्या परंपरेतले विद्वान शेवातची १ तारीख सांगत होते, हिल्लेलच्या परंपरेतले १५. मान्यता मिळाली ती १५ला.

हीच तारीख का, याचं उत्तर ताल्मुदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथात आहे: तोवर वर्षाचा बराचसा पाऊस पडून गेलेला असतो. इथे थांबून फळ्यावर दोन आडव्या पट्ट्या काढा, प्रत्येकीत १२ महिने. एका पट्टीत इस्राएलचा पाऊस रंगवा. तो हिवाळी असतो, साधारण नोव्हेंबर ते मार्च. दुसरीत कोकणचा पाऊस, जून ते सप्टेंबर. मग विचारा: हिशेबाचा दिवस आपल्याला ठरवायचा असता, तर आपण कुठला ठरवला असता? मुलं आंब्याचा मोहोर, काजूचा बहर, सुपारीची तोडणी असे मुद्दे आपणहून काढतात. या प्रश्नाला घाई करू नका. सण पाठ करून घेण्यापेक्षा त्यामागची रीत मुलांच्या ध्यानात राहणं आम्हाला जास्त मोलाचं वाटतं.

पुढचा इतिहास तीन टप्प्यांत उरकता येतो. सोळाव्या शतकात आजच्या इस्राएलमधल्या ‘सफेद’ नावाच्या शहरातल्या गूढवादी ज्यू पंडितांच्या परंपरेतून या दिवशी ठरावीक क्रमाने फळं खाण्याचा आणि द्राक्षरसाचे चार पेले घेण्याचा विधी आला. १८९० साली झिख्रोन याकोव्ह या गावचे शिक्षक झेव्ह यावेट्झ यांनी विद्यार्थ्यांना घेऊन याच दिवशी झाडं लावली. १९०८ साली त्या प्रदेशातल्या ज्यू शिक्षकांच्या संघटनेने ती प्रथा उचलली. आज इस्राएलमध्ये हा दिवस वृक्षारोपणाचा म्हणून ओळखला जातो, तो शाळेतून सुरू झालेल्या या प्रथेमुळे.

आणि तुमच्या तालुक्यातली गोष्ट विसरू नका. बेने इस्राएल समाजात हा दिवस एलियाहू हन्नबीचा उरूस म्हणून पाळतात. एलियाहू हन्नबी म्हणजे प्रेषित एलिया. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावरच्या खुणा त्यांच्या रथाच्या, अशी समाजाची श्रद्धा आहे. मुलांना सांगताना ‘लोणावळ्याचं खंडाळा नव्हे’ एवढं जरूर म्हणा, नाहीतर अर्धा वर्ग घाटात जाऊन पोचतो.

तारीख दरवर्षी बदलते. शाळेच्या वार्षिक नियोजनात कधीची धरायची?
— मुख्याध्यापक, श्रीवर्धन

हिब्रू महिने चंद्रावर चालतात आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून १९ वर्षांत ७ वेळा एक महिना जास्तीचा धरतात. मुलांना अधिक महिना ठाऊक असतो, त्यामुळे हे समजावायला वेळ लागत नाही. पंधरावी तिथी असल्याने हा दिवस पौर्णिमेच्या आसपासच येतो, म्हणजे जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत केव्हाही.

२०२७ मध्ये तो २३ जानेवारीला आहे, २०२८ मध्ये १२ फेब्रुवारीला, २०२९ मध्ये ३१ जानेवारीला. दिवस आदल्या संध्याकाळी सूर्यास्ताला सुरू होतो. यात एक अडचण आहे ती आत्ताच नोंदवून ठेवा: २०२७ आणि २०२८, दोन्ही वर्षी हा दिवस शनिवारी येतो. शनिवार हा शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी पेरणं, खणणं, कापाकापी, लिहिणं ही कामं धार्मिक ज्यू कुटुंबं करत नाहीत. तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवणारे म्हणून बेने इस्राएलांना कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत, ते याच कारणाने. शाळेत एखादं ज्यू मूल असेल किंवा समाजातल्या कुणाला बोलवायचं असेल, तर कार्यक्रम गुरुवारी ठेवा. शुक्रवारची दुपारही टाळा, घरी शब्बाथची तयारी चाललेली असते.

आणखी एक: २०२८ च्या शरद ऋतूपासून २०२९ च्या शरद ऋतूपर्यंत शेमिता, म्हणजे दर सातव्या वर्षी जमिनीला विश्रांती देण्याचं वर्ष आहे. ते बंधन इस्राएलच्या भूमीपुरतं असल्याने कोकणात रोप लावायला आड येत नाही. पण मुलांना ते सांगण्यासारखं आहे.

फळांचा विधी आमच्याकडे मिळणाऱ्या फळांवर बसवता येईल का? बदाम-ऑलिव्ह वगैरे शोधत बसणं खेड्यात जमत नाही.
— सहावीचे वर्गशिक्षक, गुहागर

येईल, आणि चांगला बसतो. सफेदच्या विधीत फळांचे तीन गट आहेत. पहिल्यात बाहेरून टाकाऊ आणि आतून खाण्याजोगी फळं, दुसऱ्यात बाहेरून खायची पण आत आठळी किंवा बी असलेली, तिसऱ्यात सबंध खाता येणारी.

पहिल्या गटासाठी नारळ आणि डाळिंब. दुसऱ्यासाठी खजूर, बोर, आवळा. तिसऱ्यासाठी अंजीर, बिनबियांची द्राक्षं आणि मिळालं तर करमळ. पेरू कुठे घालायचा यावर वर्गात वाद होतो, कारण त्याच्या बिया काही मुलं गिळतात, काही थुंकतात. होऊ द्या, वर्गीकरण शिकवायला असा वाद उपयोगी पडतो. चिकूचंही तेच, साल काढणारे आणि सालीसकट खाणारे असे दोन तट पडतात.

३० मुलांसाठी बाजारहाट अशी: २ नारळ, ४ मध्यम डाळिंबं, अर्धा किलोहून थोडा जास्त खजूर (प्रत्येकी दोन), पाऊण किलो बोरं, पाव किलो सुकं अंजीर (एकाचे दोन भाग), १ किलो द्राक्षं. सहा मुलांचा एक गट, म्हणजे पाच ताटं. ताटात केळीच्या पानाचे तीन तुकडे मांडा आणि फळं मिसळून द्या, लावून देऊ नका. मुलांनी आधी नुसतं बघून गट पाडायचे, मग फोडून तपासायचं, मग खायचं. दोन तासिका लागतात. एकाच तासिकेत बसवायचं असेल, तर नारळ आधी खवून ठेवा आणि एक फोडलेली करवंटी नुसती दाखवायला ठेवा.

बिघडतं कुठे ते सांगतो. सुक्या अंजिरात अळी किंवा बारीक किडा असू शकतो. प्रत्येक अंजीर उभं चिरून उजेडात उलटून बघा. धार्मिक ज्यू घरांत हे तपासणं सक्तीचं असतं, कारण किडा पोटात जाणं निषिद्ध आहे, त्यामुळे हाही कार्यक्रमाचाच भाग समजा. बोरंही अशीच फोडून बघावी लागतात. डाळिंबाचा डाग कपड्यावरून जात नाही, तेव्हा ते पाण्याच्या पातेल्यात बुडवून सोला. दाणे तळाशी बसतात, पांढरा पापुद्रा वर तरंगतो.

काजू मात्र घालायचाच झाला तर दुकानातला सोललेला गर घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत झाडावर कोवळे काजू दिसू लागतात आणि मुलं ते खिशात घालून आणतात. कच्च्या काजूच्या टरफलातलं तेल त्वचेवर भाजल्यासारखे फोड आणतं. वर्गात काजू फोडू देऊ नका.

आता केळं. ते ताटात कुणीतरी आणतंच. ज्यू धर्मशास्त्रात केळं झाडाचं फळ धरत नाहीत. फळ खाण्याआधी जी प्रार्थना म्हणतात ती झाडाच्या फळाला वेगळी आणि जमिनीतून आलेल्याला वेगळी. केळ्याला दुसरी लागते, कारण केळीला खरं खोड नसतं आणि घड दिल्यावर ती मरते, नवीन पोर मुळातून येतं. वनस्पतिशास्त्रही केळीला झाड म्हणत नाही. शाळेशेजारच्या वाडीत तोडलेल्या केळीचा आडवा काप मिळाला तर मुलांना दाखवा: नुसती पानांची गुंडाळी, लाकूड कुठेच नाही. एकावर एक चिकटलेल्या त्या चंद्रकोरी आणि त्यांतले पाण्याने भरलेले कप्पे हाताने सोलता येतात. कलिंगड, अननस आणि भुईमूगही याच न्यायाने ताटाबाहेर ठेवा. एवढी एक गोष्ट नीट केली तरी ‘झाड म्हणजे काय’ हा अख्खा धडा होऊन जातो.

राहिली सात धान्य-फळं. तोराहमध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, इस्राएलच्या भूमीची म्हणून गहू, जव, द्राक्ष, अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह आणि खजूर ही नावं येतात. ऑलिव्ह मिळालं नाही तर चित्र दाखवा. जांभूळ किंवा करवंद ठेवून ‘हेच ऑलिव्ह समजा’ असं करू नका. गहू आणि जव दहा दिवस आधी परातीत रुजत घाला, घटस्थापनेला घालतो तसेच. किराण्यातला सोललेला जव रुजत नाही, त्याचा कोंब सोलताना निघून जातो. पूजेच्या दुकानातला टरफलासकट जव आणा.

चार पेल्यांचा विधी द्राक्षरसाने करायचा आहे. रस काळा पडतो, लाल रंग येत नाही. काय चुकतं?
— गृहशास्त्राच्या शिक्षिका, चिपळूण

आधी विधी: पहिला पेला पूर्ण पांढऱ्या रसाचा, दुसऱ्यात थोडा लाल, तिसरा अर्धा-अर्धा, चौथा लाल. हिवाळ्यातून बहराकडे जाणारा निसर्ग, असा त्याचा एक अर्थ लावतात.

मोठ्यांचा पेला मुलांना देऊ नका, प्रत्येक वेळी २० मिलिलिटर पुरे, औषधाच्या मापाच्या टोपणाने मोजता येतं. ३० मुलांचे चार पेले म्हणजे २.४ लिटर. त्यात पांढरा १.३५ लिटर, लाल १.०५ लिटर. घरच्या पद्धतीने किलोभर द्राक्षांतून साधारण ६०० मिलिलिटर गाळलेला रस निघतो, तेव्हा हिरवी सव्वादोन किलो आणि काळी पावणेदोन किलो लागतील.

हिरव्या द्राक्षांचा रस हवा लागली की तपकिरी होतो. लिटरला चमचाभर लिंबाचा रस गाळताक्षणी घाला आणि झाकून ठेवा. लाल रंग न येण्याचं कारण वेगळं: काळ्या द्राक्षाचा गर आतून फिकाच असतो, रंग सालीत असतो. नुसतं चुरून गाळलं तर गुलाबी पाणी मिळतं. द्राक्षं हाताने चुरून सालीसकट मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा, उकळी फुटू देऊ नका, गार झाल्यावर गाळा. बिया असलेली द्राक्षं मिक्सरमध्ये फिरवलीत तर रस कडू-तुरट होतो. रस कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच काढा. आदल्या दिवशी काढून बाटली बाहेर ठेवली की आपल्याकडच्या दमट हवेत आंबते आणि बूच उडतं.

द्राक्षं महाग पडत असतील तर शहाळ्याचं पाणी आणि कोकम सरबत वापरा. पाच-सहा शहाळी पुरतात. रंगाची चढती पायरी कोकमाने उलट जास्त ठळक दिसते. आगळ घेऊ नका, त्यात मीठ असतं. गोड सरबताचा अर्क एक भाग आणि पाणी चार भाग घ्या. भांडं स्टीलचं किंवा काचेचं, तांब्या-पितळेचं आणि ॲल्युमिनियमचं नको. मूळ विधी द्राक्षाचा आहे आणि हा आपला पर्याय आहे, हे मुलांना स्पष्ट सांगा.

फळं खाण्यापलीकडे, सणाच्या मूळ हिशेबाच्या कल्पनेवर काही उपक्रम सुचवाल?
— विज्ञान शिक्षक, देवगड

देवगडकरांनी हा प्रश्न विचारला याचा आनंद झाला, कारण हा उपक्रम तिथेच सर्वात चांगला होईल.

नियम असा: फळ कधी धरलं यावर त्याचं वर्ष ठरतं. १५ शेवातच्या आधी धरलेलं जुन्या खात्यात, नंतरचं नव्या. तर शाळेच्या आवारातलं किंवा शेजारचं एक मोहोरलेलं आंब्याचं झाड निवडा, हाताला येतील असे दहा तुरे ठरवा. सणाच्या दिवशी ज्या तुऱ्यांवर कणी धरली आहे त्यांना लाल दोरा, ज्यांवर अजून नुसतीच फुलं आहेत त्यांना हिरवा. पुढे दर सोमवारी वहीत नोंद: तुऱ्याचा क्रमांक, फळांची संख्या, आकार. आकारासाठी बागायतदारांचेच शब्द वापरा: वाटाणा, गोटी, सुपारी, अंडं. एप्रिलअखेर लाल खात्यात किती उरले, हिरव्यात किती, हा वर्गाचा ताळेबंद.

फळगळ प्रचंड असते. एका तुऱ्यावर शेकड्यांनी फुलं येतात, त्यातली बरीचशी निव्वळ नर असतात, आणि उरलेल्यांतूनही अगदी थोडी शेवटपर्यंत टिकतात. दोनच तुरे निवडलेत तर तिसऱ्या आठवड्यात मोजायला काही राहत नाही, म्हणून दहा. दोरा सुती घ्या आणि तुऱ्याच्या देठाला न बांधता मागच्या फांदीला सैल बांधा. देठाला बांधला की वाऱ्याने तिथेच मोडतो.

सर्वात महत्त्वाचं: कलमांच्या बागेत मुलांना नेऊ नका. मोहोरावर तुडतुडे आणि भुरीसाठी याच दिवसांत फवारण्या चालतात. बिनफवारणीचं रायवळ झाड घ्या. रायवळात एकाच झाडाच्या दोन फांद्या वेगवेगळ्या वेळी मोहोरतात, त्यामुळे दोन्ही रंगांचे दोरे लागण्याची शक्यताही वाढते. मळभ किंवा दाट धुकं पडलं की त्या आठवड्याच्या नोंदीपुढे तसं लिहून ठेवा. गळ वाढली तर कारण शोधायला ते उपयोगी पडतं.

आंबा नसेल तर काजूवर हेच करता येतं. नारळावर नको, तिथे नवी पोय दर महिन्याला येत राहते.

डाळिंबाचाही एक छोटा उपक्रम आहे. तोराहमधल्या आज्ञा ६१३ मानतात आणि डाळिंबात तेवढेच दाणे असतात असं परंपरेने म्हटलं जातं. प्रत्येक गटाला एक डाळिंब द्या, दहा-दहाचे ढीग करून मोजू द्या. आकडे जुळणार नाहीत. सरासरी काढायला चांगलं निमित्त आहे.

या दिवशी झाडं लावतात असं वाचलं. आम्ही जानेवारीत २५ रोपं लावली तर जगतील का?
— हरित सेना प्रमुख, राजापूर

रोज पाणी घालायची सोय असल्याशिवाय नाही. इस्राएलमध्ये त्या दिवसांत जमीन ओली असते आणि पुढेही काही आठवडे पाऊस येत राहतो. राजापुरात पुढचा पाऊस चार महिने दूर आहे, आणि एप्रिलनंतर विहिरींचे तळ दिसू लागतात. कातळाच्या सड्यावर तर विचारूच नका. तेव्हा आमचा आग्रह असा की तू बिश्वातला बी पेरा आणि जूनअखेर रोप लावा. सण एका दिवसात संपत नाही, पाच महिने वर्गात राहतो.

बी कुठलं, हा पहिला निर्णय. चिंच सर्वात सोपी. चिंचोके जुने असले तरी रुजतात, फक्त भाजलेले नकोत. करंज, उंडी, भेंड ही खाऱ्या वाऱ्यालाही टिकतात, किनाऱ्यालगतच्या शाळांनी तीच घ्यावी. जांभूळ, फणस, रातांबा यांचं बी साठवून ठेवता येत नाही, ते फळातून काढल्यावर लगेच पेरावं लागतं, म्हणून त्यांचा विचार उन्हाळ्याअखेरीस. काजूचं ताजं बी मार्चपासून मिळतं. ते पाण्यात टाकून बुडेल तेवढंच घ्यायचं, तरंगेल ते पोचट. शेवगा आत्ता लावू नका. तो इतका वेगाने वाढतो की जूनपर्यंत पिशवीत मुळांचा गुंता होतो.

चिंचेची कृती देतो, बाकीच्यांची याच धर्तीवर. २५ रोपं हवीत तर ४० चिंचोके घ्या. २४ तास साध्या पाण्यात भिजवा. फुगतील ते पेरायला तयार. जे टणकच राहतील ते फरशीच्या खरखरीत कडेवर एका बाजूने घासा, आतला पांढरा भाग जेमतेम दिसेपर्यंत, आणि पुन्हा रात्रभर भिजवा. ६ बाय ८ इंचाच्या पिशव्या, प्रत्येकीला तळाकडे आठ भोकं. माती दोन भाग, वाळू एक, कुजलेलं शेणखत एक. आपली जांभ्याची लाल माती नुसती भरली तर वाळल्यावर विटेसारखी होते आणि कोंब वर येत नाही. वाळू समुद्रावरची आणू नका, खार असतो. ओढ्याची आणा. बी दीड सेंटिमीटर खोल. आठवड्या-दोन आठवड्यांत कोंब दिसतो.

पिशव्या नारळाच्या झापाच्या विरळ सावलीत ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसाआड अर्धा पेला पाणी, एप्रिल-मेमध्ये रोज. भोकांतून पाणी निथळत नसेल तर भोकं बुजली आहेत, मूळ कुजेल. चिंचेचं सोटमूळ पिशवीच्या तळातून जमिनीत शिरतं आणि जूनमध्ये पिशवी उचलताना तुटून रोप मरतं. म्हणून पिशव्या फळीवर ठेवा किंवा दर पंधरा दिवसांनी जागेवरून हलवा. खारी आणि कोंबड्या ताजं पेरलेलं उकरतात, पहिले दोन आठवडे वर जाळी हवी.

खरी अडचण मे महिन्याची. सुट्टीत शाळा बंद, पाणी घालणारं कुणी नाही, आणि सगळी मेहनत दोन आठवड्यांत वाळते. सुट्टी लागायच्या दिवशी प्रत्येक मुलाकडे एक पिशवी घरी द्या. नाव, पेरल्याची तारीख आणि पाण्याचं माप पिशवीवर पक्क्या शाईने लिहा. जास्तीची १५ बियाणी धरली ती याच गळतीसाठी.

खड्डे मेमध्ये काढून तापू द्या, दोन फूट लांब, रुंद आणि खोल. लागवड पाऊस स्थिरावल्यावर, जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत. पहिल्या वळवाच्या सरीला फसू नका, मधे उघडीप पडते. चिंचेला दोन झाडांत दहा मीटर अंतर लागतं. शाळेच्या आवारात तेवढी जागा नसते, तेव्हा ग्रामपंचायतीकडे आधीच विचारून ठेवा.

रोप लावल्यावर मुलांना ओर्लाचा नियम सांगता येईल: तोराहप्रमाणे झाडाची पहिली तीन वर्षांची फळं खायची नाहीत. कलमावर पहिली दोन-तीन वर्षं आलेला मोहोर आपल्याकडचे बागायतदारही खुडून टाकतात, झाडाची ताकद वाढीला लागावी म्हणून. कारणं वेगळी आहेत, पण बागायतदारांच्या मुलांना तो नियम पटकन समजतो.

मलिदा वर्गात करता येईल का?
— एक पालक, पेण

खाऊ म्हणून जरूर करा, विधी म्हणून नको. मलिदा हा बेने इस्राएलांचा आभारप्रार्थनेचा विधी आहे. गोड पोह्यांच्या मलिद्याचं ताट, भोवती फळं, एलियाहू हन्नबीचं गीत आणि प्रार्थना हे सारं समाजातली माणसं मिळून करतात. त्याची नक्कल वर्गात करणं योग्य नाही. ताटात काय असतं आणि कशासाठी, ते सांगा, आणि समाजातलं कुणी येऊन बोलणार असेल तर उत्तमच. अलिबागला मागेन अबोथ सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ) आहे, पेण आणि रेवदंड्यालाही सिनेगॉग आहेत. भेट द्यायची तर आधी परवानगी घ्या, आणि मुलग्यांची डोकी झाकायला टोप्या किंवा रुमाल बरोबर न्या.

३० जणांच्या खाऊसाठी जाडे पोहे पाऊण किलो, २ नारळ खवून, साखर ३०० ग्रॅम, १० वेलच्या, पाव जायफळ, मनुका आणि सुकामेवा मिळून पाव किलो. पोहे चाळणीत धुऊन दहा मिनिटं निथळा, मग बाकीचं हलक्या हाताने कालवा. शिजवायचं काही नाही. पातळ पोहे घेतलेत तर लगदा होतो. साखर अगदी शेवटी घाला, आधी घातली की पाणी सुटतं. ओलं खोबरं असल्याने तीन तासांच्या आत संपवा.

मुलांकडून हिब्रू प्रार्थना म्हणवून घ्यावी का?
— शिक्षिका, दापोली

नाही. तिच्यात देवाचं नाव येतं आणि ती फळ खाण्याआधी, मनापासून म्हणायची असते, सरावासाठी म्हणत नाहीत. मराठीत आशय सांगा: झाडाचं फळ निर्माण करणाऱ्या ईश्वराची स्तुती. वर्गातल्या ज्यू मुलाला स्वतःहून म्हणावीशी वाटली तर म्हणू द्या, पण त्याला सगळ्यांसमोर उभं करून म्हणायला लावू नका.

बालवाडीसाठी यातलं काय झेपेल?
— अंगणवाडी सेविका, मालवण

फळांचे तीन गट, पण कमी फळांवर: नारळ, खजूर, द्राक्ष. खजुराची आठळी तुम्हीच काढा, द्राक्षं उभी चिरून चार भाग करा. अख्खं गोल द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकतं. बोरं आणि अख्खा सुकामेवा पाच वर्षांखालच्या मुलांना देऊ नका. आदल्या आठवड्यात पालकांना चिठ्ठी पाठवून कुणाला काजू-बदामाची ॲलर्जी आहे का ते विचारा. एकालाही असेल तर त्या दिवशी सुकामेवा खोलीत आणूच नका, कारण ताटं आणि हात एकमेकांना लागतात.

याशिवाय गव्हाची परात. पेरताना मुलांचे हात मातीत जाऊ द्या. दिवसातून एकदा पाणी शिंपडा, ओतू नका, नाहीतर बुरशी धरते. दहाव्या दिवशी चार-पाच इंच वाढ होते. तेवढ्या वेळात एक परात उजेडात आणि एक टोपलीखाली ठेवली, तर दोघींच्या रंगांतला फरक चार वर्षांचं मूलही बोटाने दाखवतं.